पत्र्याचं शेड बांधायचंय? दिवाळी ते होळी हाच मुहूर्त. एप्रिल-मेची घाई वाऱ्यावर जाते

दिवाळी उरकली. मका-सोयाबीन घरात आलं, लाल कांद्याची काढणी सुरू आहे आणि उन्हाळ कांद्याची रोपं वाफ्यात वाढत आहेत. या दिवसांत शेडचा विषय कोणाच्या डोक्यात नसतो. शेड आठवतं ते मार्चअखेर, कांदा काढायला आला की. मग चांदवड, येवला, निफाड, देवळा, सटाणा, कुठंही जा, सगळीकडे एकाच वेळी चाळी, गोठे आणि पत्र्याच्या शेडची कामं निघतात. वेल्डिंगवाला फोन उचलत नाही, पत्र्याच्या दुकानात हव्या त्या मापाचा माल नसतो, आणि खड्डे घेऊन ठेवले तर काँक्रीटवर मारायला पाणी नसतं. कसंतरी आठ दिवसांत शेड उभं राहतं. वळवाचा पहिला जोराचा वारा आला की त्यातली काही शेडं शेजारच्या वावरात जाऊन पडतात.

बहुतेकांचा हिशोब असतो की पाऊस जूनमध्ये, म्हणजे मेअखेरपर्यंत शेड झालं तरी चालेल. हा हिशोब पावसाचा झाला, वाऱ्याचा नाही. पत्र्याला भिजण्याचं काही वाटत नाही. पत्रा जातो वाऱ्याने, आणि आपल्याकडे जमिनीवर सर्वांत दांडगा वारा बहुतेक वेळा मार्च ते मे याच महिन्यांत, वळवाच्या ढगांबरोबर येतो. अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यातल्या पारस गावात ९ एप्रिल २०२३ रोजी संध्याकाळी वादळी पावसात मंदिराच्या आवारातलं मोठं कडुनिंबाचं झाड पत्र्याच्या शेडवर कोसळलं. शेडखाली असलेल्या भाविकांपैकी ७ जणांचा जीव गेला. तारीख लक्षात घ्या, ९ एप्रिल. तेव्हा मान्सून यायला दोन महिने बाकी होते.

पत्रा दबत नाही, उचलला जातो

गावात शेड मजबूत आहे की नाही हे पाहायला लोक खांब हलवून बघतात, वर माणूस चढवतात. वरून किती वजन पेलतं हे त्यातून कळतं. पण वारा पत्र्याला खाली दाबत नाही, वर उचलतो. पाख्यावरून वारा जोरात गेला की वरच्या बाजूने ओढ लागते, आणि शेड एका बाजूने उघडं असेल तर आत शिरलेली हवा खालून ढकलते. छत्री उलटी होते तसाच हा प्रकार आहे.

आता थोडा हिशोब करू. अर्धा मिलिमीटर जाडीचा, १२ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पत्रा सतरा-अठरा किलोचा असतो. ताशी ९० किलोमीटरचा झोत आला तर एवढ्या पत्र्यावर साधारण दीडशे किलोचा जोर येतो. म्हणजे पत्र्याच्या स्वतःच्या वजनाच्या आठपट. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारासाठी असलेल्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, नाशिक आणि पुण्यासाठी पायाभूत वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे. तो होतो ताशी १४० किलोमीटर. त्या वेगाला याच पत्र्यावरचा जोर साडेतीनशे किलोच्या वर जातो. पाख्याच्या कडा, कोपरे आणि आढ्याजवळ ओढ याहूनही जास्त असते. म्हणून वादळानंतर फिरून पाहिलं तर पत्रे कडेकडेचे गेलेले दिसतात, मधले तसेच असतात.

पत्र्यावर दगड, जुने टायर, वाळूची पोती ठेवायची सवय यासाठीच बंद व्हायला हवी. वीस किलोचा दगड दीडशे किलोच्या ओढीला काय धरणार? उलट पत्रा हलला की तोच दगड खाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर येतो. अशा बातम्या दर उन्हाळ्यात कुठून ना कुठून येतातच.

खड्ड्याचा हिशोब

जोर पत्र्यावर येतो, पत्र्यातून पाईपात, पाईपातून खांबात आणि शेवटी खड्ड्यातल्या काँक्रीटवर. दहा-दहा फुटांवर खांब असतील तर एका खांबाच्या वाट्याला १०० चौरस फूट छप्पर येतं. ताशी ९० किलोमीटरच्या वाऱ्याला तेवढ्या छपरावर साडेतीनशे किलोची ओढ. एक घनफूट काँक्रीट साधारण ६८ किलोचं असतं. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट खोल खड्डा घेतला तर त्यात बसलं जेमतेम १०० किलो. छपराचं आणि पाईपांचं वजन शंभरेक किलो धरलं तरी बेरीज दोनशेच. म्हणूनच काही शेडं खांबासकट, खाली काँक्रीटचा गोळा लटकलेली, उपटून पडलेली दिसतात. दीड फूट बाय दीड फूट आणि दोन फूट खोल घेतला तर ३०० किलो होतात, म्हणजे छपराचं वजन मिळवून ९० च्या वाऱ्याला कसाबसा टिकाव लागतो. दोन बाय दोन आणि तीन फूट खोल घेतला तर ८०० च्या पुढं जातं. खर्चात फरक पडतो तो खांबामागे काही पोती सिमेंट-खडीचा.

काळ्या रानात खड्डा मापापेक्षा खाली काय लागतंय ते पाहून घ्यावा. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. मे महिन्यात भेगा पडलेल्या रानात उथळ खड्डा घेऊन खांब उभा केला तर जून-जुलैत माती फुगून तोच खांब वर किंवा बाजूला ढकलते. पुढच्या उन्हाळ्यात परत खाली बसतो. दोन-तीन वर्षांत दरवाजा लागेनासा होतो, पाईपांचे सांधे तडकतात आणि दोष वेल्डिंगवाल्याला दिला जातो. मुरूम लागेपर्यंत खोदावं. फार खोल जावं लागणार असेल तर तिथं शेड नको, माळाच्या कडेला जागा पाहावी. आजूबाजूला जुनं झाड असेल तर त्याच्या उंचीइतकं अंतर सोडावं. सावलीसाठी शेड झाडाखाली घेणं किती महागात पडतं ते पारसला दिसलं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीच का

पहिलं कारण काँक्रीट. भरलेल्या खड्ड्याला साध्या सिमेंटमध्ये किमान ७ दिवस आणि राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटमध्ये किमान १० दिवस पाणी मारायला लागतं. दुकानात आज बहुतेक पीपीसीच मिळतं. पूर्ण ताकद धरली जाते २८ दिवसांनी. नोव्हेंबरात विहिरीला पाणी असतं, ऊन सौम्य असतं, गोणपाट ओलं राहतं. मे महिन्यात येवला-नांदगावकडे प्यायला टँकर आणि खड्ड्यांवर कोण पाणी मारणार? वरून ऊन काँक्रीटमधलं पाणी ओढून घेतं आणि काँक्रीट कच्चंच राहतं. आज काँक्रीट, परवा खांब, तेरवा पत्रे असं काम झालं आणि पाचव्या दिवशी वारा आला तर कच्च्या काँक्रीटमधले बोल्ट धरतील ही अपेक्षाच चूक आहे. एक गोष्ट मात्र थंडीतही सांभाळायला हवी. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा फार खाली जातो, तेव्हा काँक्रीट सावकाश घट्ट होतं. अशा दिवसांत खांबावर भार टाकायला चार-सहा दिवस जास्त थांबावं.

दुसरं कारण वेल्डिंग आणि रंग. पावसाळी हवेत वेल्डिंगच्या रॉडवरचं वेष्टण ओल धरतं आणि सांध्यात बारीक भोकं राहतात. वरून सांधा भरलेला दिसतो, आतून पोकळ असतो. रंगाचंही तसंच आहे. दमट हवेत ओलसर लोखंडावर प्रायमर मारला तर तो धरत नाही, आणि मे महिन्यात तापलेल्या पाईपावर मारला तर ब्रश फिरेपर्यंत सुकून त्याला फोड येतात. थंडीत सकाळी दव सुकल्यावर, साधारण दहानंतर काम सुरू केलं की ऊन उतरेपर्यंत निवांत होतं. घासलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवू नये, त्याच दिवशी रेड ऑक्साइड किंवा झिंकचा प्रायमर लागला पाहिजे. एप्रिल-मेच्या वेल्डिंगमध्ये आणखी एक धोका आहे, तो म्हणजे ठिणगी. शेजारी कडब्याची गंज किंवा वाळलेलं उसाचं पाचट असेल तर वेगळं सांगायला नको.

तिसरं कारण साधं आहे. या दिवसांत कारागीर मोकळा असतो आणि मोकळा कारागीर काम नीट करतो.

अडचण पैशाची आहे, हे खरं. नोव्हेंबरात पैसा बी, खत, मजुरीत अडकलेला असतो. सगळं एकदम होत नसेल तर काम तोडून करावं. आत्ता खड्डे आणि काँक्रीट उरकून घ्यावं, बोल्ट बसवून त्यांना ग्रीस लावून प्लास्टिक बांधून ठेवावं. जानेवारी-फेब्रुवारीत लाल कांद्याचे पैसे आले की सांगाडा आणि पत्रे. पायाला तोपर्यंत दोन महिने मिळालेले असतात. पत्रे मात्र स्वस्त मिळाले म्हणून वर्षभर आधी घेऊन थप्पी लावून ठेवू नयेत. थप्पीत पाणी शिरलं की दोन पत्र्यांच्या मध्ये पांढरी पावडर धरते. तो जस्ताचा गंज असतो आणि पत्रा छपरावर जायच्या आधीच त्याचं आयुष्य कमी होतं. ठेवायचेच असतील तर जमिनीपासून उंच, एका बाजूला उतार देऊन ठेवावेत.

अनुदानातून चाळ करणाऱ्यांनी एक क्रम पाळायलाच हवा. महाडीबीटीवर अर्ज, निवड, कागदपत्रं, पूर्वसंमती आणि त्यानंतरच काम. पूर्वसंमतीआधी खड्डा जरी खोदला तरी प्रकरण अडकू शकतं. म्हणजे घाई करायची ती अर्जाची. अर्ज मार्चमध्ये केला तर पूर्वसंमती नेमकी वळवाच्या तोंडावर हातात पडते आणि मग सगळं कामच त्या घाईत सापडतं.

पत्रा बसवताना

सेल्फ ड्रिलिंग स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात नाही, कारण पाणी खोलगट भागातून वाहतं. स्क्रूखालचं काळं रबर वॉशर जरासं दबलं की थांबायचं. मशीन हातात आली की कारागीर ते चपटं होईपर्यंत आवळतो, मग दोन उन्हाळ्यांत रबर फाटतं. जे-हूक वापरत असाल तर हूक पाईपाला पूर्ण कवेत घेतोय का ते खालून पाहावं, अर्धवट अडकलेला हूक वाऱ्यात सरळ होऊन निघतो. मध्यावर एक पन्हळ सोडून स्क्रू चालतील, पण वळचणीला, आढ्याला आणि दोन्ही कडांना प्रत्येक पन्हळीवर मारून घ्यावेत. ओढ तिथंच जास्त आहे. स्क्रू काही रुपयांचा असतो, त्यात काटकसर करून कोणी श्रीमंत झालेलं नाही.

पत्रे अंथरायला पूर्वेकडून सुरुवात करावी, म्हणजे जोडाचं तोंड पावसाळी वाऱ्याला पाठमोरं राहतं. वळवाला दिशा नसते, पण पावसाळाभर झड पश्चिमेकडूनच येते. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्याकडे उतार जास्त द्यावा आणि लांबीतला जोड सहा इंचांपेक्षा मोठा घ्यावा.

पत्रा कापायला ग्राइंडर वापरू नये, हे कारागिराला ठणकावून सांगायला हवं. ग्राइंडरच्या उष्णतेने कडेचं जस्त आणि रंग जळतो. शिवाय तापलेला लोखंडी चुरा छपरावर सांडतो आणि पहिल्याच पावसात नव्या पत्र्यावर लाल ठिपके उमटतात. कात्रीने कापावं, आणि काम संपलं की त्याच संध्याकाळी छप्पर झाडून घ्यावं.

कांदा चाळीचं थोडं वेगळं आहे. चाळ हवेशीर हवी म्हणून चारी बाजूंनी उघडी असते, म्हणजे खालून वारा शिरायला मोकळं रान. एक पाखी चाळ दक्षिणोत्तर आणि दुपाखी पूर्व-पश्चिम घ्यावी, लांबी ५० फुटांच्या आत ठेवावी, अशी शिफारस आहे ती कांदा टिकण्यासाठी. वाऱ्यासाठी त्यात एक भर घालायला हवी. वळीव आला की लोक घाईने एकाच बाजूला ताडपत्री बांधतात. वाऱ्याची बाजू उघडी आणि पलीकडची बंद असं झालं तर चाळ फुग्यासारखी भरते आणि छप्पर सुटतं. बांधायची तर वाऱ्याची बाजू आधी बांधावी, नाहीतर दोन्ही. आणि नुसता लोखंडी पत्रा दुपारी तापून वरच्या थरातला कांदा खराब करतो, त्यामुळे त्याच्याखाली पाचट किंवा गवताचा थर असलेला बरा.

देखभाल: वर्षात दोन दिवस काढावे लागतात

पहिला दिवस होळीच्या आसपास. जूनमध्ये नाही, वळवाच्या आधी. उन्हाने तापून आणि रात्री गार होऊन पत्रा रोज लांबतो-आखडतो. २० फुटी पत्र्यात ४० अंशांचा फरक पडला की लांबी जवळपास ३ मिलिमीटर बदलते. रोजच्या या ओढाताणीत स्क्रूचं भोक लांबट होतं आणि स्क्रू सैल पडतो. नव्या शेडचे स्क्रू पहिल्या वर्षानंतर एकदा तरी सगळे तपासावेत. जो स्क्रू नुसताच फिरतो, आवळला जात नाही, त्याचं भोक मोठं झालंय. तिथं एक नंबर जाड स्क्रू मारावा. वारा असताना शेडखाली उभं राहून ऐकलं तरी कळतं, जो पत्रा फडफडतो तो सुटायच्या वाटेवर असतो. याच दिवशी शेडवर आलेल्या फांद्याही छाटाव्यात.

दुसरा दिवस पावसाळा संपल्यावर, म्हणजे आत्ताचा. छपरावरचा पालापाचोळा काढावा, पन्हळ मोकळी करावी, गंज दिसेल तिथं तारेच्या ब्रशने घासून प्रायमर आणि रंग लावावा. गंज बहुतेकदा वरून नाही, खालून सुरू होतो. गोठ्यात आणि पोल्ट्रीत शेण-मुतातून, विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि ओलाव्याबरोबर तो पत्र्याचं आणि खांबांचं जस्त खातो. आढ्याला हवा जायला फट नसेल तर सकाळी पत्र्याला खालून दव धरलेलं दिसतं. ते शेड चार भिंतींच्या आत कुजत असतं. खांबाचा तळ हा सर्वांत नाजूक भाग. तिथं शेण साचतं, मूत मुरतं, नाहीतर खताच्या गोण्या टेकवलेल्या असतात. युरिया आणि डीएपी ओल धरतात आणि लोखंड पोखरतात. काँक्रीटचा ओटा जमिनीपासून सहा इंच वर घेतला आणि त्याला बाहेर उतार दिला तर हा त्रास बराच टळतो.

छपरावर चढायचं तर सकाळी, पत्रा कोरडा असताना. पाय स्क्रूच्या ओळीवर ठेवायचा, कारण खाली पाईप तिथंच असतो. सिमेंट पत्र्यावर तर थेट पाय ठेवूच नये, आडवी फळी टाकून तिच्यावरून चालावं. एकट्याने चढू नये.

आणि चढण्याआधी मेन स्विच बंद. पत्र्याच्या शेडमध्ये वीज उतरणं हा वाऱ्यापेक्षा शांत पण तेवढाच जीवघेणा प्रकार आहे. पोलवरून आलेली वायर पत्र्याच्या धारेवर घासते, वेष्टण कापलं जातं आणि पहिल्या पावसात सगळं शेड करंट मारतं. जनावर लोखंडी खांबाला बांधलेलं असतं, पाय ओल्यात असतात, त्याला माणसापेक्षा कमी करंटही पुरतो. वायर पाईपातून घ्यावी, शेडच्या सांगाड्याला अर्थिंग द्यावं आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवावा. विजा कडाडत असताना शेडच्या खांबाला टेकून उभं राहू नये. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप मोबाइलमध्ये असेल तर जवळपास वीज पडण्याची सूचना आधी मिळते.

शेड गेलंच तर

आधी वीज बंद, मग माणसं-जनावरं बाजूला. पत्रे गोळा करायच्या आधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढावेत आणि ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांना, पंचनाम्यासाठी कळवावं. मदतीची अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत घराला जोडून असलेल्या गोठ्यासाठी ३,००० रुपये धरले आहेत. तेवढ्यात मोजकेच पत्रे येतात. पीक विम्यात शेड बसत नाही, तो पिकाचा आहे. शेडचा विमा वेगळा काढावा लागतो. बँकेचं कर्ज असेल तर बँकेने विमा उतरवलाय का आणि त्यात आगीबरोबर वादळही धरलंय का, हे शाखेत जाऊन आत्ताच विचारून घ्यावं.

उडालेले पत्रे ठोकून सरळ करून परत छपरावर टाकायचा मोह होतो. मुरडलेल्या पत्र्याचा रंग आणि जस्त घडीवर तडकलेलं असतं, जुनी भोकं फाटलेली असतात. असे पत्रे आडोशाला, भिंतीला किंवा कुंपणाला वापरावेत. छपराला नवेच घ्यावेत, आणि त्याआधी खांब ओळंब्यात आहेत का ते पाहून घ्यावं.